गवताची गाडी आणि वहिनींचा अहवाल

आमच्या मैदानावर वहिनींना सगळेच वहिनी म्हणतात. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी, फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या. त्याच्या थोरल्या भावाची बायको. पण तो दिवसभर फाटकावरून "वहिनी, पाण्याचा टँकर आला", "वहिनी, शेडची किल्ली कुठंय" असं ओरडायचा, आणि ऐकून ऐकून सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं. खेळाडू वहिनी म्हणतात, त्यांचे प्रशिक्षक वहिनी म्हणतात, आणि आमचे व्यवस्थापक साहेब, जे वयानं त्यांच्यापेक्षा चांगले आठ वर्षांनी मोठे आहेत, तेही वहिनी म्हणतात. नात्याच्या दृष्टीनं हे कुठेच बसत नाही, पण आता कोण बदलणार?

मी इथल्या कचेरीतला कारकून. पत्रं टाईप करायची, कुठल्या संघाला मैदान कधी द्यायचं ते ठरवायचं, हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या कपाटात जपून ठेवायच्या, अशी माझी कामं. माझी खिडकी थेट मैदानाकडे उघडते. त्यामुळे सोळा वर्षं मी वहिनींना गवत कापताना पाहत आलोय.

मैदान मोठं आहे. मधे फुटबॉलचं मैदान, भोवती धावपट्टी, आणि एका बाजूला लोकांना बसून खेळ बघता यावा म्हणून केलेला गवताचा लांबलचक उतार. हातानं ढकलायच्या यंत्रानं हे कापायला घेतलं तर या टोकाकडून त्या टोकाला पोचेपर्यंत मागचं पुन्हा वाढलेलं असेल. म्हणून बसून चालवायची गाडी. दिसायला छोट्या ट्रॅक्टरसारखी, चार चाकं, एक सीट, आणि पोटाखाली गरगर फिरणारी पाती. आम्ही तिला नुसतंच 'गाडी' म्हणायचो.

वहिनी त्याआधी शिलाई मशीनच्या कारखान्यात होत्या, तपासणीच्या टेबलावर. तयार मशीन समोर आलं की चाक फिरवायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. आवाज ठीक वाटला तर शिक्का, नाही तर मशीन परत. बारा वर्षं त्यांनी हेच केलं. मग कारखाना बंद पडला. दिरानं साहेबांकडे शब्द टाकला आणि त्यांना मैदानावर झाडलोटीचं काम मिळालं.

गाडी तेव्हा शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. ती चालवणारा माणूस दुसरीकडे नोकरीला गेला होता आणि जाताना सांगून गेला होता की इंजिन खलास झालंय. वहिनी शेड झाडत होत्या.

"हिला काय झालंय?" त्यांनी मला विचारलं.

"मेली ती."

"कोण म्हणालं?"

दुपारच्या सुट्टीत त्यांनी कुठून तरी पाना मिळवला आणि इंजिनावरचं झाकण उघडलं. आत उंदरांनी कागदाचे बारीक तुकडे करून ऐसपैस संसार मांडला होता. आमचं जुनं हजेरीपुस्तक वर्षभर सापडत नव्हतं, ते असं सापडलं. इंजिनाला वाराच लागत नव्हता, म्हणून ते तापून बंद पडायचं. एवढंच. वहिनींनी घरटं काढलं, तेल बदललं, प्लग पुसला, आणि तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली. साहेब कचेरीतून पळत बाहेर आले. पंधरा दिवसांनी त्यांनी वहिनींच्या हातातला झाडू काढून घेतला आणि गाडीची किल्ली दिली.

तेव्हापासून मैदान म्हणजे वहिनी. गवत कापण्याआधी त्या बादली घेऊन सगळं मैदान पायी फिरत. खडे, बाटल्यांची झाकणं, तुटलेल्या शिट्ट्या, सगळं वेचत. पात्याखाली खडा आला तर तो गोळीसारखा सुटतो, हे त्यांनी ऐकलं होतं आणि त्यांना ते पाहायचं नव्हतं. एका वर्षी टिटवीनं कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ उघड्यावर चार अंडी घातली. वहिनींनी भोवती काठ्या रोवून दोरी बांधली आणि तेवढं गवत सोडून बाकीचं कापलं. एका संघाचा कप्तान तावातावानं आला. म्हणाला, इथून आम्ही कॉर्नर मारायचा कसा?

"तीन आठवडे त्या कोपऱ्यातून मारा."

"मैदानाचं बुकिंग आमचं आहे, वहिनी."

"तिचं तुमच्या आधीचं आहे," वहिनी म्हणाल्या. बुकिंगच्या वहीत त्यांनी मला तशी नोंदही करायला लावली.

गाडीचं तर विचारूच नका. पट्टा तुटला, वहिनींनी बसवला. चाकाचं बेअरिंग गेलं, वहिनींनी बदललं. सीट फाटली, तिला घरच्या जुन्या पडद्याचा अभ्रा शिवला. गाडी बंद पडली की आम्ही कुणी चेहरा पाडत नसू. दुपारपर्यंत ती सुरू होणार हे ठरलेलंच. आम्हाला त्यांच्या हाताची इतकी सवय झाली होती की गाडीलाही वय असतं हे आम्ही विसरूनच गेलो.

त्या वर्षी मात्र गाडीनं धापा टाकायला सुरुवात केली. धूर यायचा, मागचं डावं चाक डुगडुगायचं. मग एका बुधवारी सकाळी ती उतारावर बंद पडल्याचं वहिनींनी सांगितलं. चार खेळाडूंनी ढकलत तिला शेडमध्ये नेलं. उताराच्या पायथ्याचा लोखंडी कठडा एका जागी वाकलेला मला दिसला, पण मला वाटलं, सामान उतरवताना एखाद्या टेम्पोनं ठोकला असेल.

साहेबांनी वहिनींना बोलावलं. सोमवारी समितीची बैठक होती.

"गाडी दुरुस्त करायची की नवी घ्यायची, यावर समितीला अहवाल हवाय," साहेब म्हणाले. "तुम्हीच द्या. पण एक सांगू का, त्यांना या वर्षी बसायच्या जागेवर छप्पर करायचंय. नव्या गाडीचं नाव काढलं तर तोंडं वाकडी होतील. तुमच्या हातात जादू आहे. आणखी दोन वर्षं काढा की तिच्याकडून."

"बघते," वहिनी म्हणाल्या.

"बघते म्हणजे?"

"म्हणजे बघते, साहेब."

कचेरीत पैज लावायलाही कुणी तयार नव्हतं. वहिनी दुरुस्तीच म्हणणार, यात शंका कसली!

पुढचे तीन दिवस त्या शेडमध्येच होत्या. गुरुवारी मी चहा घेऊन गेलो. जमिनीवर एक जुनी चादर अंथरलेली. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, चाकं काढलेली, पोटाखालची पात्यांची पेटी सोडवून भिंतीला टेकवलेली. चादरीच्या उजव्या अंगाला वाचण्यासारखे भाग, डाव्या अंगाला गेलेले. दोन्हीकडे सारखीच गर्दी होती. वहिनींच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा होता आणि बाह्या मनगटापर्यंत घट्ट लावलेल्या. उकाड्यात पूर्ण बाह्या कशाला, असं मनात आलं, पण विचारलं नाही.

"इंजिन ऐकता का?" त्या म्हणाल्या.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. वहिनींनी डोळे मिटले आणि मान किंचित कलती केली. मी आयुष्यात कुणाला एवढं लक्ष देऊन काही ऐकताना पाहिलं नाही. मीही डोळे मिटले. मला नुसता घर्रर्र आवाज आला.

"एक नंबर आहे," त्या म्हणाल्या. "धूर येतो तो एका वॉशरमुळे. हे इंजिन अजून दहा वर्षं चालेल."

"मग झालं तर! दुरुस्ती."

त्यांनी किल्ली बंद केली आणि चहा घेतला.

शुक्रवारी वेल्डर आला. गाडीचा खालचा सांगाडा त्यानं पूर्वी दोनदा जोडून दिला होता. मागच्या आसाजवळची भेग पुन्हा उघडली होती, पूर्वीच्या जोडाच्या शेजारीच. वहिनींनी छोटी हातोडी घेतली आणि सांगाड्यावर पुढून मागे ठोकत आल्या. टण्, टण्, टण्. आसाजवळ पोचल्यावर आवाज बसला. थप्.

"पट्टी मारून देतो वरून," वेल्डर म्हणाला. "पक्की जाड पट्टी. तिसऱ्यांदा जोडायला माझी काही हरकत नाही."

"पट्टी पक्की असेल हो. पण पट्टी ज्याला धरणार ते लोखंड?"

वेल्डरनं वाकून बोट फिरवलं. "ते जरा थकलंय."

"जोडल्यावर तुम्ही बसाल का हिच्यावर? उतारावर?"

तो उभा राहिला, मान खाजवली. "मी? माझं वजन जास्त आहे, वहिनी."

"बरं. आणि मी बसू?"

वेल्डर भला माणूस. त्यानं हातोडी चादरीवर ठेवली आणि म्हणाला, "माझी बहीण असती तर बसू दिलं नसतं."

त्याच दिवशी नव्या गाड्या विकणारा एक जण गुळगुळीत पुस्तिका घेऊन आला. शेडच्या दारातूनच त्यानं आत नजर टाकली.

"ही सगळी भंगारात घाला, मॅडम. विचार कसला करताय?"

"इंजिन ऐकलंत का?" वहिनींनी विचारलं.

"ऐकायची काय गरज? वयच सांगतंय."

"वय माझंही सांगतंय. मला कुठे घालताय?"

तो हसला, पण वहिनी हसल्या नाहीत. पुस्तिका तेवढी ठेवून घेतली आणि त्याला वाटेला लावलं. मला वाटलं, आता तर नक्कीच दुरुस्ती. नवी घ्या म्हणणाऱ्याचा त्यांना एवढा राग आला म्हटल्यावर आणखी काय हवं?

शनिवारी दुपारी त्या कचेरीत आल्या, हात धुऊन, केस नीट करून, आणि माझ्यासमोर खुर्चीत बसल्या. साहेब जेवायला गेले होते.

"मी सांगते, तुम्ही टाईप करा. माझं अक्षर समितीला वाचता येणार नाही."

पहिलं पान सरळ होतं. कुठला भाग चांगला, कुठला गेला, इंजिनाची प्रशंसा चार ओळी. मग त्या थांबल्या, खिडकीबाहेर पाहिलं आणि पुढे सांगू लागल्या.

"लिहा. बुधवारी सकाळी सव्वासात वाजता उतारावर गवत कापताना मागचं डावं चाक कललं आणि गाडी आडवी घसरायला लागली. मी चढाच्या बाजूला उडी मारली. गाडी दहाबारा पावलं खाली जाऊन कठड्याला अडकली. लिहिलंत? सीटवरून माणूस उठला की पाती आपोआप थांबायला हवीत. ती थांबली नाहीत. कठड्याला अडकूनही फिरत राहिली."

माझी बोटं थांबली. आता बाह्यांचं कोडं सुटलं. "वहिनी! तुम्हाला लागलं किती?"

"कोपर सोललंय. लिहा. पाती थांबली नाहीत, कारण सीटखालचा स्विच सात वर्षांपूर्वी मी स्वतः काढून टाकला होता आणि दोन वायरी एकमेकींना जोडल्या होत्या. खड्ड्यातून जाताना गाडी सारखी बंद पडायची म्हणून. तात्पुरतं म्हणून केलं आणि तसंच राहिलं. कोणालाही सांगितलं नाही."

मी टाईप केलं नाही.

"वहिनी, हे वाक्य कशाला हवं? सांगाड्याला भेग आहे, एवढंच पुरे आहे. कुणी पाहिलेलं नाही. नवी गाडी त्या भेगेवरही मिळेल."

त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि पेनाच्या टोपणाएवढा एक काळा स्विच माझ्या टेबलावर ठेवला. बोटानं दाबला. टिक्. सोडला. टिक्.

"हा तोच. खिळ्यांच्या डब्यात पडून होता. काल संध्याकाळी घरी नेला. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला, तर आमच्या ह्यांचं तोंड सुरू, जेवायला बसू की सर्व्हिसिंगला, म्हणून. आत नुसता कचरा होता. कापसानं पुसला आणि चालायला लागला. सात वर्षांपूर्वी पाच मिनिटं दिली असती तर झालं असतं." त्यांनी स्विच पुन्हा दाबला. टिक्. "मी कंटाळा केला. माझ्यासारख्या बाईनं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मशीनवर शिक्के मारले मी."

"पण कुणाला काही झालं नाही ना?"

"आमचे हेही तेच म्हणाले. बस चालवतात, तरी म्हणाले. सव्वासातला त्या कठड्यापलीकडे पळणारे लोक असतात. त्या दिवशी पळणारी एक बाई बुटाची नाडी बांधायला मागे थांबली होती. म्हणून वाचली. नाडी तिनं बांधली, मी नाही. टाईप करा."

मी टाईप केलं. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा बदलून घेतलं. शेवटी असं झालं: 'गाडी दुरुस्त होऊ शकते, पण तिच्यावर पुन्हा कोणी बसू नये असं माझं मत आहे.'

खाली सही करताना त्यांनी पेन जरा जोरात दाबलं.

साहेबांनी अहवाल वाचला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी दुसरं पान दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे दुसरं पान काढता येईल," ते हळूच म्हणाले.

"काढलं तर माझी सही पण काढा," वहिनी म्हणाल्या.

साहेब चिडले. खूप वर्षांत मी त्यांना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, तुम्ही मला अडचणीत आणताय. मग म्हणाले, तुम्ही मेला असता, बाई. खरा राग दुसऱ्या वाक्यात होता, हे आम्हा तिघांनाही कळलं.

सोमवारी वहिनींना समितीपुढे बोलावलं. लांब टेबल, भोवती सात जण. एकानं विचारलं, "म्हणजे सात वर्षं तुम्ही ही गोष्ट लपवलीत?"

"हो."

त्यांना बहुधा लांबलचक खुलाशाची अपेक्षा होती. दुसऱ्यानं विचारलं, चूक तुमची, मग गाडी का बदलायची? वहिनी म्हणाल्या, "माझी चूक स्विचची. ती मी दुरुस्त केली. भेग माझी नाही, ती मला दुरुस्त करता येत नाही. दोन्ही सांगितल्या नाहीत तर कुठली कुठली ते तुम्हाला कसं कळणार?"

समितीनं दोन गोष्टी केल्या. वहिनींना लेखी समज दिली, आणि नवी गाडी मंजूर केली. छप्पर एका वर्षानं पुढे गेलं. समजेचं पत्र मीच टाईप केलं आणि मला ते देताना लाज वाटली. वहिनींनी ते उभ्यानं वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, आणि पोच म्हणून सही केली. दीर मात्र दोन दिवस फाटकावर गप्प होता. मीच शब्द टाकून आणलं आणि आता हे, असं त्याला वाटत असावं. तिसऱ्या दिवशी वहिनी त्याच्यासमोर डबा उघडून बसल्या. "भावोजी, समज मला मिळाली आहे. तोंड तुम्ही का पाडलंय?" तेव्हा कुठे तो हसला.

जुन्या गाडीचं इंजिन वहिनींनी भंगारात जाऊ दिलं नाही. गावातल्या तंत्रशाळेला दिलं, एका अटीवर. विद्यार्थ्यांनी हवं तितक्यांदा उघडावं, पण दर वेळी परत जोडून सुरू करून दाखवावं.

नवी गाडी घ्यायच्या आधी तोच पुस्तिकेवाला ती दाखवायला घेऊन आला. वहिनींनी त्याला थेट उतारावर नेलं. पाती सुरू करायला लावली आणि म्हणाल्या, "आता उठा सीटवरून." तो उठला. पाती थांबली. "पुन्हा." पुन्हा थांबली. असं दहा वेळा. अकराव्या वेळी तो घाम पुसत म्हणाला, "आमच्या गाडीवर विश्वास नाही का, मॅडम?"

"आहे म्हणून दहा वेळाच. नसता तर दिवसभर बसवलं असतं."

गाडी आली. उतारासाठी मुद्दाम बनवलेली, बसकी, रुंद, पाती पोटाखाली नाहीत तर पुढे, आणि वळतात ती मागची चाकं. इथेच खरी पंचाईत झाली. सोळा वर्षं वहिनींच्या हाताला पुढच्या चाकांची सवय. आता स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की गाडीचं शेपूट डावीकडे झोकांडी घ्यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी गोलपोस्टचा खांब घासला. दुसऱ्या दिवशी कापलेले पट्टे असे निघाले, जणू कुणी शिंकत शिंकत कापलेत. एक तरुण खेळाडू मोठ्यानं हसला. मला खिडकीत बसून वाईट वाटलं. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी हे का ओढवून घेतलं, असं वाटलं.

तिसऱ्या दिवसापासून त्या सहा वाजता यायला लागल्या. कपडे बदलायच्या खोल्यांमागे एक पडीक तुकडा आहे, तिथे त्यांनी आठ बादल्या उलट्या मांडल्या आणि त्यांच्यामधून गाडी नेण्याचा सराव सुरू केला. बादली पडली की उतरायचं, ती उभी करायची, पुन्हा पहिल्यापासून. शेडच्या दारावर त्यांनी एक कागद लावला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'इथे काहीही तात्पुरतं केलं तर तारीख आणि नाव लिहावं.' पहिली नोंद त्यांचीच होती. आरसा ढिला झाला होता, तो त्यांनी दोऱ्यानं बांधला होता. दुसऱ्या दिवशी नवा स्क्रू आणून त्यांनी ती ओळ खोडली.

तिसऱ्या आठवड्यात मी लवकर आलो होतो. चहा घेऊन उताराच्या पायऱ्यांवर बसलो. वहिनी उतारावर आडव्या जात होत्या, संथ, एका वेगात, आणि मागे फिकट-गडद, फिकट-गडद पट्टे पडत होते, पट्टी धरून आखल्यासारखे. हसलेला तो खेळाडू धावपट्टीवरून जाताना थांबला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मलाही त्यांना काही तरी सांगावंसं वाटलं, सोळा वर्षांत कधी न सांगितलेलं. गाडी माझ्याजवळ आली. वहिनींनी पाती बंद केली आणि पुढे वाकून ओरडल्या,

"भाऊ, पाय उचला! तेवढंच राहिलंय!"

मी पाय उचलले.